रेवतीचं रिकामं ताट आणि माझा शिधा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बरं का! मध्येच हसलात की माझी गाडी घसरते आणि मग मी कुठवर आले होते तेच मला आठवत नाही. चहा घ्या, खारी घ्या आणि ऐका. असा गाढवपणा तुमच्यापैकी कुणी केला असेल तर पुढचा चहा माझ्याकडून.

मी विज्ञानाची शिक्षिका. राहते बेळगावात, शहापूरला, आणि नोकरी हिंडलग्याच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या हायस्कूलमध्ये. नववीचा वर्ग माझ्याकडे. शिकवते बरी, असं पोरं म्हणतात. पण एक खोड आहे. मला दया फार पटकन येते. टीव्हीवरच्या मालिकेत कुणी जेवता जेवता उठून गेलं तरी माझे डोळे भरून येतात. नवरा म्हणतो, "अगं, तिचं जेवण झालं म्हणून उठली ती!" पण माझे अश्रू काही ऐकत नाहीत.

तर झालं काय, आम्हा शिक्षकांना एका प्रशिक्षणाला बोलावलं. विषय होता, मोबाइलवरच्या ॲपमधून मुलांना चांगलं खायची सवय लावणे. मुलांनी जेवायला बसलं की ताटाचा फोटो काढायचा, ॲपमध्ये टाकायचा, आणि ॲप सांगणार ताटात काय कमी, काय जास्त. शिवाय वर्गशिक्षिकेला आपल्या मोबाइलवर अख्ख्या वर्गाची ताटं दिसणार! मला तर हे फारच आवडलं. दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये असं आईनं लहानपणी बजावलं होतं, आणि इथं तेच काम म्हणून मिळत होतं!

त्या ॲपमध्ये एक टोमॅटो होता. हातपाय असलेला. तुम्ही पालेभाजी खाल्लीत की टोमॅटो नाचायचा. वडापाव खाल्लात की रडायचा. आणि काहीच खाल्लं नाहीत तर तोंडात थर्मामीटर घेऊन पांघरुणात झोपायचा. मी तर पहिल्याच दिवशी त्याच्या प्रेमात पडले.

प्रशिक्षण देणारी मुलगी अगदी तरुण होती, पण बोलायची ठासून. ती म्हणाली, "या वयातली मुलं हळवी असतात. 'तुझ्या ताटात हे का नाही' असं तोंडावर कधीही विचारायचं नाही. आडून आडून विचारायचं. त्यांना लाज वाटता कामा नये." बस्स! ही एक गोष्ट मी मनावर घेतली. नको तितकी घेतली.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाहीर केलं, "घरी आई-आप्पांच्या मोबाइलवर ॲप घ्या. रोज ताटाचा फोटो पाहिजे. नाहीतर मार्क कापणार!"

आणि मग फोटो आले. अहो, काय सांगू! एकानं कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावी मिठाईचा, अख्खा बॉक्स टाकला आणि खाली लिहिलं, दूध. म्हटलं, हे काय रे? तर म्हणतो, "मॅडम, कुंदा दुधाचाच असतोय की!" दुसऱ्यानं कांदाभजी पालेभाजीच्या रकान्यात टाकली. तिसऱ्याच्या ताटात रोज असा हिरवागार परदेशी पाला, वर कापलेलं ॲव्होकॅडो. आमच्या गावात ॲव्होकॅडो! त्याच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, "ते काय असतंय ओ? ह्यो रोज चपाती आणि साखर खातोय."

टोमॅटो एकदा नाचायचा, एकदा रडायचा. मीसुद्धा.

आणि मग आली रेवती.

रेवती म्हणजे वर्गातली सगळ्यात उंच आणि सगळ्यात काटकुळी पोरगी. पळायला अशी की शिट्टी वाजायच्या आत वळणावर. पंधराशे मीटरला जिल्ह्याच्या स्पर्धेत तिची निवड झालेली, आणि स्पर्धा पुढच्या आठवड्यात. अख्ख्या शाळेचं लक्ष तिच्याकडे. अशा पोरीचा पहिला फोटो मी उघडला, तर स्टीलचं ताट. रिकामं. लखलखीत! दुपारचा फोटो, रिकामं. रात्रीचा, रिकामं. एका फोटोत तर ताटात एक कढीपत्त्याचं पान. नुसतं पान!

टोमॅटो पांघरूण घेऊन झोपला तो उठायलाच तयार नाही. खाली लाल अक्षरात वाक्य यायचं, 'आहारात पोषक घटक आढळले नाहीत.' माझ्या घशाखाली माझा घास उतरेना. सासूबाईंना फोटो दाखवला, तर त्यांनीही पदर डोळ्याला लावला. दया आमच्या घरात साथीसारखी पसरते.

दुसऱ्या दिवशी रेवतीला स्टाफरूमच्या बाहेर बोलावलं. आणि आडून आडून सुरू केलं.

"रेवती, घरी सगळं ठीक आहे ना गं?"

"व्हय मॅडम."

"आप्पा काय करतात सध्या?"

"म्हशींचं बघत्यात."

मी मनात म्हटलं, दुसऱ्याच्या म्हशी राखतात बिचारे. कुणाच्या म्हशी, हे विचारायला काय जात होतं माझं? पण नाही! आडून आडून!

"आणि काल रात्री भाजी कसली होती गं?"

पोरगीनं मान खाली घातली. "आप्पा सांगत्यात मॅडम, घरात काय शिजलं ते भायेर सांगू नये म्हणून."

झालं! माझे डोळे डबडबले. केवढा हा स्वाभिमान! तरी आवाज सांभाळून विचारलं, "दूध तरी पितेस ना?"

"दूध सगळं सकाळीच बेळगावला जातंय. पर मॅडम, त्ये फोटोचं काय हाय की, मी जेवतो व्यवस्थित, पर…"

आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात, 'मी जेवतो', 'मी आलो'. पण पुढचं मी बोलूच दिलं नाही. "बास बाळ, बास! काही सांगू नकोस!" असं म्हणून मी तिच्या हातात सासूबाईंनी पाठवलेला डिंकाचा लाडू कोंबला. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या डोळ्यांत कृतज्ञता बघितली. आता कळतं, ती कृतज्ञता नव्हती. या बाईला झालंय काय, असं ती बघत होती.

तिथून मी थेट हेडसरांकडे. आमचे हेडसर म्हणजे नियमाचा माणूस. कपाळाला आठ्या जन्मापासून. सगळं ऐकून म्हणाले, "पर मॅडम, शाळेत दुपारचं जेवण मिळतंय की. उपाशी पोरगी ते सोडून घरी का पळत्या?"

बरोबर होता की नाही प्रश्न? अगदी बरोबर! पण मी काय म्हणाले? "स्वाभिमान, सर! चार पोरांसमोर जेवायला तिला कमीपणा वाटतो!"

हेडसरांनी चष्मा काढून पुसला. "मग एक करूया. उपाशी पोरगी मैदानात पडली, तर जबाबदारी शाळेची. तिचं नाव यादीतनं काढतो."

"नाव काढता? सर!" मी किंचाळलेच. त्या पोरीच्या आयुष्यात पळण्याशिवाय दुसरं आहे काय, असं मी पाच मिनिटं बोलले. हेडसरांनी दोनदा घड्याळ बघितलं. शेवटी तोडगा निघाला. शनिवारी अर्धा दिवस शाळा, त्या दिवशी तिच्या घरी जायचं, परिस्थिती बघायची आणि आठवडाभर पोरीला पोटभर मिळेल अशी सोय करायची. सोय झाली तर ती पळणार. नाही झाली तर नाव कट.

आता मला सांगा, माझ्यासारखी बाई सोय करायला घेते तेव्हा काय होतं? स्टाफरूममध्ये मी असं काही बोलले की शिपायानंही नाक शिंकरलं. कुणी तांदूळ आणला, कुणी तूरडाळ, कुणी गुळाची ढेप. कन्नडच्या सरांनी नाचणीचं पीठ आणलं. गणिताच्या मॅडमनी शेंगदाण्याच्या तेलाचा डबा. सासूबाईंचे लाडू तर होतेच. शनिवारी रिक्षात आम्ही दोघं मावेना! हेडसर मांडीवर गुळाची ढेप घेऊन बसले आणि मी तांदळाच्या पोत्यावर.

शेतातला रस्ता संपला आणि रिक्षा एका घरासमोर थांबली. घर? स्लॅबचं, दोन मजली, पुढे फरशी, दारात ट्रॅक्टर. बाजूला गोठा, त्यात काळ्याभोर म्हशी अशा ओळीनं उभ्या की शेवटची दिसेना.

कुठल्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात इथं प्रकाश पडला असता. मी हेडसरांच्या कानाशी लागले, "बघा सर! मालकाचं घर केवढं आणि राबणाऱ्या माणसाची पोर उपाशी!"

"व्हय की ओ," हेडसर म्हणाले. माझी दया त्यांनाही लागली होती.

गोठ्यात एक भरदार गृहस्थ बनियनवर धार काढत बसले होते. मी पुढे झाले. "अहो, रेवतीचे वडील कुठे राहतात? मागच्या खोलीत का?"

ते उठले. "मीच की त्यो. या, या मॅडम, आलासा!" आणि असं म्हणता म्हणता त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून दुधाच्या बादलीवर झाकला. अगदी चटकन. आम्हाला दिसू नये म्हणून.

माझ्या काळजात कळ आली. मी हेडसरांना कुजबुजले, "मालकाच्या नकळत लेकरासाठी चार घोट काढून ठेवत असतील हो! दिसलं नाही असं दाखवा." हेडसर लगेच आकाशाकडे बघायला लागले.

मग मी भाषण केलं. हो, भाषण! "आप्पा, लाजू नका. वेळ काय सगळ्यांवरच येते. शाळा म्हणजे दुसरं घर. आम्ही परके नाही." तोवर रिक्षावाला एकेक जिन्नस कट्ट्यावर ठेवत होता. तांदूळ, डाळ, पीठ, तेल. हेडसरांनी गुळाची ढेप दोन्ही हातांनी पुढे केली.

आप्पा त्या सगळ्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, आता हा माणूस रडणार.

ते रडले नाहीत. त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए, भायेर ये जरा! मास्तर लोकांनी शिधा आणलाय. आपल्या घरचा तांदूळ त्येस्नी चालत न्हाय!"

आता जे बाहेरून आलेत त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात कुणाच्या घरी आपलं धान्य घेऊन गेलात, तर त्याचा एकच अर्थ. आम्हाला स्वयंपाक करून वाढा, पण तुमच्या घरचं आम्ही खाणार नाही. याच्यापेक्षा तोंडात मारलेली बरी!

"नाही नाही नाही, तसं नाही!" मी दोन्ही हात हलवत म्हणाले.

"मग कसं ओ? आमच्या घरात काय शिजत न्हाय व्हय?"

आणि इथं, मंडळी, मी घाईत खरं बोलून गेले. "अहो, रेवती उपाशी असते ना, म्हणून!"

गोठ्यातली म्हैससुद्धा रवंथ थांबवून बघायला लागली. आतून रेवतीची आई आली, हाताला भाकरीचं पीठ. "कोण उपाशी?" बांधावरून दोन बायका आल्या. रिक्षावाल्यानं तर कट्ट्यावर बसूनच घेतलं. गावात बातमी पोचायला आणखी काय लागतं?

मी मोबाइल उघडला आणि रिकामी ताटं दाखवायला लागले. एक, दुसरं, तिसरं.

आईनं वाकून बघितलं. "अवो मॅडम, ह्ये तर जेवून झाल्यावरचं ताट न्हवं! त्यात बघा की, कढीपत्ता बाजूला काढून ठेवलाय. त्येवढा एक खात न्हाय ती!"

"जेवून झाल्यावरचं?" माझा आवाज कुठून तरी विहिरीतून आला.

तेवढ्यात रेवती घरातून आली. तिनंच शांतपणे सांगितलं, "मॅडम, जेवायच्या आदी फोटो काढलेला आप्पांना चालत न्हाय. म्हणून मी जेवून झाल्यावर काढतो. मी सांगत हुतो तुमाला, पर तुमी लाडू दिलासा."

"पण आधी का नाही चालत?"

आप्पांनी म्हशींच्या ओळीकडे हात केला. "ती कडेची राणी बघा. प्रदर्शनात पयला नंबर आलता तिचा. एक भाद्दर आला, चारी बाजूंनी तिचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी राणी धार काढूच दीना! लाथ मारून बादली उडवली तिनं. तवापासनं ह्या घरात खायच्या-प्यायच्या वस्तूचा फोटो न्हाय. आन कोण आलं की दुधावर टॉवेल. नजर लागती!"

म्हणजे ती बादली! म्हणजे ते 'बाहेर सांगू नये'! म्हणजे हे घर, हा ट्रॅक्टर, त्या सगळ्या म्हशी यांच्याच! आणि ताटं चकाचक का? तर त्या घरात पानात टाकायची पद्धतच नाही. माझ्या डोक्यात एकामागून एक दिवे लागत होते, पण वरात निघून गेल्यावर.

आप्पांनी माझ्या मोबाइलमध्ये डोकावून बघितलं. "आन ह्यो टमाटा का झोपलाय? आजारी हाय व्हय?"

"तुमची पोरगी उपाशी आहे असं समजून," मी पुटपुटले.

हेडसरांना वाटलं आपण मदत करावी. ते म्हणाले, "तरी मी म्हणालो होतो, उपाशी असंल तर स्पर्धेतनं नाव काढूया."

"नाव?" आप्पांचा आवाज चढला. "माझ्या पोरीचं नाव? उपाशी म्हणून? आता जिल्ह्याला गेली की लोक काय म्हणतील, त्या घरात खायला न्हाय, ती पोरगी आली पळायला! न्हाय जायाची ती. विषय संपला."

रेवतीचा चेहरा बघवेना. इतका वेळ शांत असलेली पोरगी खांबाला धरून उभी राहिली, आणि ओठ घट्ट. पळायचं म्हणून पहाटे उठून शेताच्या बांधानं पळणारी ती, आणि तिचं पळणं मी बंद केलं. माझ्या दयेनं! या वेळी खरंच रडायला पाहिजे होतं, तर डोळ्यांत टिपूस येईना. मला माझीच इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी हात जोडले. "आप्पा, चूक माझी. शिक्षा मला करा. तिला पळू द्या."

आप्पांनी बायकोकडे बघितलं. आई म्हणाली, "आदी जेवू देत त्येस्नी. मग काय ते बघा."

जेवण! अहो, ते जेवण होतं का शिक्षा? गरम भाकरी, झणझणीत झुणका, शेंगांची चटणी, वांग्याची भाजी, तुपाची धार, सुरी घालून कापावं असं दही, आणि वर खर्वस. आप्पा समोर बसून, "वाढ, वाढ, मॅडम उपाशी हाईत!" बांधावरच्या बायका दारात उभ्या राहून मोजमाप घेत होत्या. त्यांच्या साक्षीनं त्या घरात किती खायला आहे हे माझ्या पोटातून सिद्ध होत होतं. हेडसरांनी पट्टा सैल केला. मी पदर सैल केला.

आणि सवय बघा हो माणसाची! ताट पुढे आलं तसा माझा हात पर्समध्ये गेला, मोबाइल बाहेर आला, आणि मी ताटावर कॅमेरा धरला.

"मॅडम!" सगळं घर ओरडलं. आप्पांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. मोबाइल माझ्या हातातून थेट दह्यात.

का कोण जाणे, त्याच्यावर आप्पा हसले. पोट धरून हसले. दह्यातून मोबाइल काढून टॉवेलनं पुसून दिला आणि म्हणाले, "बरं. पळू दे पोरगी. पर एक अट. पळायच्या आदी तिचा एकबी फोटो निघता कामा नये. कुणाच्या मोबाइलमधनं न्हाय. त्याची जबाबदारी तुमची."

"माझी! शब्द देते!" मी तोंडात भाकरी असतानाच म्हणाले. शिधा आम्ही परत नेला तो दुप्पट होऊन. वर भोपळा आणि दुधाचा कॅन. रिक्षात या वेळी मी भोपळा मांडीवर घेतला.

स्पर्धेच्या दिवशी बेळगावच्या मैदानावर मी जी उभी राहिले, ती पहारेकऱ्यासारखी. कुणी मोबाइल वर केला की मी मध्ये. एका पोराला वाटलं मला फोटोत यायचंय, त्यानं माझेच चार काढले. चालेल! रेवती हसत होती. "मॅडम, राहू दे की ओ. आप्पांच्या समाधानासाठी मी तेवढं ऐकतो. नजरबिजर काय नसतंय, तुमीच शिकवलासा."

"गप्प बस. शब्द दिलाय मी!" असं म्हणून तिच्या कानामागं मी काजळाचा ठिपकाही लावला. हो, मीच. विज्ञानाची एमएस्सी.

मुली रेषेवर उभ्या राहिल्या. तेवढ्यात पाहुण्यांबरोबर आलेला फोटोग्राफर मोठा कॅमेरा घेऊन थेट रेवतीसमोर! मी काय केलं? धावले. आणि मागून माझा पदर पसरून तिच्या तोंडावर धरला. "पळायच्या आधी फोटो नाही! नजर लागते!"

शेजारच्या टेबलावरचा माईक चालू होता. माझं वाक्य अख्ख्या मैदानात दोनदा घुमलं. जिल्ह्यातले सगळे विज्ञान शिक्षक तिथं होते. एकानं तर टाळ्या वाजवल्या.

मी ओशाळून पदर मागे ओढला. पदर येईना! माझ्या पदराची पिन रेवतीच्या पाठीवरच्या नंबरात अडकली होती. मी ओढते, ती ओढते, आणि तेवढ्यात वाजली शिट्टी!

सगळ्या मुली सुटल्या. रेवतीही सुटली. आणि तिच्याबरोबर मी! साडी, चपला, पर्स, सगळ्यासकट मी जिल्ह्याच्या ट्रॅकवर पळत होते, आणि लोक ओरडत होते, "त्या मॅडम कुठल्या शाळेच्या ओ?" वळणाआधी पिन तुटली. मी गवतात, आणि रेवती सगळ्यांच्या मागे. एकटी.

पण काय पळाली हो ती! एकेक करून सगळ्यांना मागे टाकत आली. गवतात बसून मी असं ओरडले की घसा बसला. शेवटच्या रेषेवर तिच्यापुढे एकच पोरगी राहिली होती, तीही हातभर. दुसरा नंबर! पहिल्या दोघी विभागीय स्पर्धेला जाणार होत्या, म्हणजे रेवतीची निवड पक्की! मी लंगडत, हसत, रडत तिच्याकडे गेले.

दूध घालून आप्पाही मोटरसायकलवरून आले होते. कुंपणापाशी उभं राहून त्यांनी सगळं बघितलं होतं. सगळं! त्यांनी पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "पयली का न्हाय आलीस गं?"

रेवती धापा टाकत म्हणाली, "आप्पा, फोटो काढू दिला आसता तर पयली आलो आसतो."

 आप्पांनी लगेच फोटोग्राफरला हाक मारली. "या ओ. काढा काय पायजे तेवढं. आमी उगंच मोबाइलला नावं ठेवत होतो." आणि मग ते माझ्याकडे वळले. तुटकी पिन, केसांत गवत, एक चप्पल हातात, अशा माझ्याकडे त्यांनी खालपासून वरपर्यंत बघितलं. "राग मानू नकासा मॅडम. तुमचं मन लई चांगलं हाय. पर नजर मोबाइलची नसती, ह्ये आज कळालं."

आता रेवतीचे फोटो जेवणाआधी येतात. भरलेलं ताट! भाकरी, भाजी, दही, सगळं. हेडसर सांगतात, टोमॅटो पांघरूण फेकून असा नाचतो म्हणे, असा नाचतो!

मला विचारू नका कसा नाचतो. मी कुठं बघितलाय? अख्ख्या नववीची ताटं मी तपासते, पण रेवतीचं ताट फक्त हेडसरांनी उघडायचं आणि मॅडमना दाखवायचं नाही, असं आप्पांनी शाळेत येऊन, त्याच गुळाच्या ढेपेवर हात ठेवायला लावून, हेडसरांकडून कबूल करून घेतलंय!